नागपुरात घर, फ्लॅट किंवा प्लॉट घेताना आणि विकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईचे नातेवाईक घराच्या व्यवहाराबद्दल जो सल्ला देतात तो त्यांच्या शहरात बरोबर असतो. नागपुरात मात्र पहिला प्रश्न वेगळा आहे: जमीन कोणत्या प्रकारची? नझूलची (शासनाची, पट्ट्याने दिलेली), नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) लीजची, गुंठेवारीत (मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करण्याच्या कायद्यात) नियमित झालेल्या लेआउटची, की रीतसर अकृषिक झालेली? कोणते कागद मागायचे, कुणाची परवानगी लागेल, बँक कर्ज देईल की नाही, हे सगळे त्या उत्तरावर ठरते. म्हणून खाली जमिनीचे प्रश्न आधी आले आहेत आणि पैशांचे नंतर. व्यवहारातही हाच क्रम ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्लॉट आवडला आहे. मालक म्हणतो दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, आजच इसार द्या. देऊ का?

नाही. कागदांच्या झेरॉक्स मागा आणि आठ-दहा दिवस मागा. ज्याचे कागद स्वच्छ आहेत तो मालक एवढा वेळ देतो. अगदीच हातचा सौदा जाईल असे वाटत असेल तर लहान रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि लेखी इसारपत्रात एक वाक्य घाला: सर्च रिपोर्टमध्ये मालकीत दोष निघाला तर इसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. हे वाक्य घालायला मालक तयार नसेल तर तिथेच थांबा.

कोणते कागद मागायचे?

मालकाच्या नावाचे नोंदणीकृत विक्रीपत्र आणि त्याच्या आधीची साखळी: त्याने कुणाकडून घेतले, त्याने कुणाकडून. साधारण ३० वर्षांपर्यंत मागे जातात. शहरात नगर भूमापन झालेल्या भागात आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), बाहेरच्या भागात सातबारा आणि फेरफाराचे उतारे. लेआउटचा मंजूर नकाशा, अकृषिक आदेश, नियमितीकरणाचे पत्र. घर बांधलेले असेल तर बांधकामाचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची शेवटची पावती.

सातबारा पाहताना बहुतेक जण फक्त नाव बघतात. खरी माहिती ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, न्यायालयाची मनाई तिथे सापडते. भोगवटादार वर्ग-१ की वर्ग-२ हेही पाहा. वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीलाही बिगर आदिवासीने हात लावण्याआधी महसूल संहितेप्रमाणे परवानगी लागते.

विकास आराखड्यात त्या खसऱ्यावर (भूमापन क्रमांकावर) आरक्षण आहे का, रस्ता जातो का, यासाठी झोन दाखला काढा. महापालिका, नासुप्र आणि नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांपैकी ती मौजा (महसुली गाव) कुणाच्या हद्दीत येते ते आधी ठरवा, म्हणजे चुकीच्या खिडकीत दिवस जाणार नाहीत. नदी-नाल्याजवळची जागा असेल तर पूररेषा तपासा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीच्या घरांमध्ये जे पाणी शिरले, त्यानंतर हा प्रश्न कुणी टाळू नये. उच्चदाब वीजवाहिनी प्लॉटवरून किंवा अगदी शेजारून जात असेल तर बांधकामाला किती अंतर सोडावे लागेल तेही विचारा. विमानतळाच्या बाजूला उंचीची ना-हरकत लागते.

सर्च म्हणजे नेमके काय? ऑनलाइन आपले आपण केले तर चालेल का?

सर्च म्हणजे नोंदणीच्या जुन्या नोंदी तपासून मालकी आणि बोजे शोधणे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) पाहता येते आणि ती प्रत्येकाने स्वतः पाहावीच. पण जुनी वर्षे, मौजांची बदललेली नावे, प्लॉट क्रमांकाऐवजी फक्त खसरा टाकून झालेल्या नोंदी, हे संगणकावर निसटते. त्यासाठी वकिलाकडून रीतसर सर्च रिपोर्ट घ्या. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याचे नाव टाकून दावा चालू आहे का तेही बघा, कारण दावा चालू असताना घेतलेल्या मालमत्तेवर त्या दाव्याचा निकाल बहुधा घेणाऱ्यालाही बांधतो. वृत्तपत्रात जाहीर नोटीस देणे कायद्याने सक्तीचे नाही, पण मराठी आणि इंग्रजी अशा दोन दैनिकांत ती दिली की लपलेला हिस्सेदार पुढे येण्याची शक्यता वाढते.

‘आर.एल. झालेला प्लॉट’ म्हणतात, ते काय? आणि नसेल तर घ्यावा का?

नागपुरातला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे.

शहर वाढले तसे शेतमालकांनी आणि गृहनिर्माण सोसायट्यांनी मंजुरी न घेता शेतात लेआउट पाडले. मानेवाडा, हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा, बेसा या दिशांना हजारो कुटुंबांनी असे प्लॉट घेतले आणि आयुष्याची कमाई घालून घरे बांधली. ते वाचवण्यासाठी २००१ चा महाराष्ट्र गुंठेवारी अधिनियम आला. नागपूरकरांच्या तोंडी असलेले ५७२ आणि १९०० लेआउट, म्हणजे अशा विनामंजुरी लेआउटचे दोन गट, याच कहाणीतले. प्लॉटधारकाने अर्ज करायचा, नासुप्रकडून डिमांड (भरायच्या रकमेची मागणी) येते, विकास शुल्क भरायचे आणि मग नियमितीकरणाचे पत्र मिळते. त्यालाच सगळे आर.एल. म्हणतात. या कायद्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचेच भूखंड बसत होते. २०२१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली.

आर.एल. नसलेल्या प्लॉटची रजिस्ट्री झाली म्हणून समाधान मानू नका. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवते. मालकी खरी आहे किंवा लेआउट कायदेशीर आहे अशी हमी ते देत नाही. आर.एल. नसेल तर बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही, राष्ट्रीयीकृत बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि पुढे विकायला काढला की तुमच्यासारखाच सावध खरेदीदार हेच पत्र मागतो.

पत्र असेल तरी तीन गोष्टी पडताळा. पत्रावरचा प्लॉट क्रमांक, खसरा आणि क्षेत्रफळ विक्रीपत्राशी जुळते का? पत्र खरे आहे का, हे नासुप्रच्या संबंधित विभागीय कार्यालयात क्रमांक देऊन विचारा. आणि मंजूर नकाशात तो प्लॉट ‘पीयू’ची (पब्लिक युटिलिटी, सार्वजनिक वापराची) किंवा खेळाच्या मैदानाची जागा तर नाही? सार्वजनिक वापराची जागा नंबर टाकून विकल्याने कितीतरी लोक पोळले आहेत.

सोसायटीच्या लेआउटमध्ये एकच प्लॉट दोघांना विकल्याची प्रकरणे शहरात जागोजागी आहेत. म्हणून सोसायटीच्या सदस्य नोंदवहीची प्रत मागा, सचिवाची सही असलेल्या वाटपपत्रावर थांबू नका, आणि जागेवर जाऊन शेजारच्या प्लॉटवाल्यांशी बोला. भूमी अभिलेख विभागाची मोजणी करून घेतलेली उत्तम.

आर.एल. नसलेला प्लॉट आमच्या वडिलांनीच घेऊन ठेवला आहे. आता काय?

गुंठेवारीच्या मर्यादेत बसत असेल तर अर्ज करा. जुने विक्रीपत्र, ताब्याचा पुरावा, जुन्या कर पावत्या जमवा. विकायचा विचार असेल तर आधी नियमित करून घ्या आणि मग विका. भावात पडणारा फरक भरलेल्या शुल्कापेक्षा बहुधा जास्त असतो.

घरटॅक्सची पावती आणि वीजबिल मालकाच्या नावाने आहे. एवढे पुरते का?

नाही. करपावती मालकी सिद्ध करत नाही. अनधिकृत बांधकामावरही महापालिका कर लावते.

नझूल किंवा लीजचे घर घेणे धोक्याचे आहे का?

धोक्याचे म्हणता येणार नाही, पण ते वेगळे आहे. सिव्हिल लाइन्स, धंतोली, रामदासपेठ आणि जुन्या वस्तीत बरीच जमीन शासनाची नझूल आहे. घर तुमचे, जमीन पट्ट्याची. नासुप्रनेही अनेक योजनांमधले भूखंड लीजवर दिले. अशा ठिकाणी विकणारा पूर्ण मालक नसतो, तो पट्टेदार असतो. पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झाले आहे का, भूभाडे थकले आहे का, निवासी जागेचा वापर दुकानासाठी करून शर्तभंग झाला आहे का, आणि हस्तांतरणाची परवानगी मिळाली आहे का, हे पाच प्रश्न लेखी उत्तरासह विचारा. जुने पट्टे आजोबांच्या नावावर राहिलेले असतात आणि त्यांचे डझनभर वारस असतात. तिथे आधी वारसनोंद, मग बाकी सगळे.

विदर्भातल्या निवासी नझूल जमिनी फ्रीहोल्ड करण्यासाठी शासनाने सवलतीची योजनाही आणली. विकणाऱ्याने फ्रीहोल्ड करून मगच विकावे, असा माझा सल्ला आहे. फ्रीहोल्डचा खर्च सौद्यात कुणी सोसायचा ते करारात लिहा.

आठ फ्लॅटची छोटी स्कीम आहे. बिल्डर म्हणतो रेराची गरज नाही. खरे आहे का?

खरे असू शकते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर रेरा (स्थावर संपदा कायदा) नोंदणी लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५,३८० चौरस फूट. नागपुरात एका जुन्या बंगल्याच्या जागी चार मजले उभे राहतात त्या स्कीमा बहुतेक यातच बसतात. म्हणून या शहरात रेराच्या बाहेरचे फ्लॅट घेणारे खूप आहेत आणि त्यांना रेराचे संरक्षण नाही.

तरी १९६३ चा सदनिका मालकी अधिनियम लागू आहेच. त्याप्रमाणे किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरने नोंदणीकृत करार केला पाहिजे. जुन्या बंगल्याचा मालक आणि बिल्डर यांच्यातला विकास करार व मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का ते बघा. कोणता फ्लॅट मालकाच्या वाट्याचा आणि कोणता बिल्डरच्या, हे त्या करारात असते. मालकाच्या वाट्याचा फ्लॅट बिल्डरकडून घेतला तर पैसे एकाला आणि हक्क दुसऱ्याकडे अशी स्थिती होते.

रेरात नोंदलेल्या प्रकल्पात १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत कराराशिवाय घेता येत नाही. ताबा लांबला तर व्याज मागता येते किंवा प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह रक्कम परत मागता येते. ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर नकाशा, मुदत, बोजे आणि दावे सगळे दिसते; बुकिंग करण्याआधी अर्धा तास तिथे घालवा.

मुंबईच्या भावाकडे फ्लॅटचे फक्त अ‍ॅग्रीमेंट आहे, आम्हाला मात्र विक्रीपत्र करून देतात. फरक का?

नागपुरात बहुतांश स्कीमा १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली होतात. बिल्डर घोषणापत्र नोंदवतो आणि प्रत्येकाला सदनिकेचे विक्रीपत्र जमिनीतल्या अविभक्त हिश्शासह मिळते. मुंबईकडे सोसायटी स्थापन होते आणि जमीन सोसायटीच्या नावे करून घ्यावी लागते. आपल्याकडची पद्धत खरेदीदाराला सोयीची आहे, पण घोषणापत्र नोंदले आहे ना आणि तुमच्या हिश्शाची टक्केवारी त्यात बरोबर आहे ना ते तपासा. इमारत पुढे पाडून बांधायची वेळ आली की याच टक्केवारीवर सगळे ठरते.

मालक म्हणतो रजिस्ट्रीचा खर्च वाचवा, आममुखत्यारपत्र आणि ताबा देतो.

घेऊ नका. मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या आधारे होणारी ‘विक्री’ ही विक्री नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. मुखत्यारपत्र देणारा वारला की साधारणपणे ते संपते, आणि मग त्याचे वारस दारात उभे राहतात. शिवाय महाराष्ट्रात ताब्यासह केलेल्या करारावर विक्रीपत्राइतकेच मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे वाचत काहीच नाही.

वडील वारले. घर त्यांच्या नावावर आहे. आई आणि आम्ही दोघे भाऊ विकू शकतो का? बहिणींची लग्ने झाली आहेत.

बहिणींशिवाय नाही. लग्न झाल्याने मुलीचा हक्क जात नाही. वडिलांच्या स्वकष्टाच्या घरात मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, असे सगळे सारखे वाटेकरी. आजीचे नाव लोक हमखास विसरतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच सहदायाद (मुलासारखीच हिस्सेदार) आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने आले आणि २०२० मध्ये विनिता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायम केले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे.

बहिणींना हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या स्टॅम्पवरचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र चालत नाही. आणि कृपा करून बहिणीला कागद नीट वाचून दाखवा. सणाला आलेल्या बहिणीची घाईत सही घेतली की पुढे ती दाव्यात उतरते, आणि तिने उतरूही नये असे मी कसे म्हणू?

वारसांत अज्ञान (अठरा वर्षांखालचे) मूल असेल तर त्याचा हिस्सा विकायला जिल्हा न्यायालयाची परवानगी घेतल्याशिवाय खरेदीदाराने पुढे जाऊ नये. ते मूल सज्ञान झाल्यावर व्यवहाराला आव्हान देऊ शकते.

वडिलांनी मृत्युपत्र केले आहे, पण नोंदणी केलेली नाही. चालेल?

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार आवश्यक. नागपुरातल्या मिळकतीसाठी प्रोबेटही (न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणे) सक्तीचे नाही. पण वारसांत वाद असेल तर खरेदीदाराची बँक काय मागेल ते आधीच विचारून घ्या. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव असलेली व्यक्ती त्यामुळे मालक होत नाही.

हयातीतच घर मुलाच्या नावे करायचे आहे.

राहते घर पती-पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक नाममात्र लागतो. स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई करू नका. बक्षीसपत्र एकदा झाले की घर तुमचे राहत नाही. आई-वडिलांनी आपला आजन्म राहण्याचा हक्क आणि मुलाने सांभाळ करण्याची अट दस्तात लिहूनच घ्यावी. अट लिहिलेली असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते दस्त रद्द करून घेण्याची वाट उघडी राहते.

स्टॅम्प आणि रजिस्ट्रीचा खर्च किती?

मुद्रांक शुल्क मूळ ५ टक्के, त्यावर शहरात स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार. घर फक्त महिलेच्या नावे घेतले तर १ टक्का सवलत; नवऱ्याचे नाव सोबत टाकले की ती जाते. अशा घराची पुढे १५ वर्षे पुरुषाला विक्री करायची नाही ही अट २०२३ मध्ये काढली आहे. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (शासनाच्या दरतक्त्यातली) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदवा.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी ५ टक्के. कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतला किंवा जुना घेतला तर जीएसटी नाही.

विकणारा अर्धी रक्कम रोख मागतो.

स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड. खरेदीदाराचे नुकसान त्याहून मोठे आहे. सौदा मोडला तर रोख दिल्याचा पुरावा नसतो. पुढे घर विकताना खरेदी किंमत कमी दिसते आणि करपात्र नफा फुगतो.

कर कुणी भरायचा?

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा. विकणाऱ्याने घर २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले असेल तर नफा दीर्घकालीन: १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक लावून २० टक्के हा पर्यायही आहे. धरमपेठेतली १९८०-९० च्या काळातली घरे विकणाऱ्यांनी दोन्ही हिशेब सीएकडून करून घ्यावेत. दोन वर्षांत दुसरे घर घेतले किंवा तीन वर्षांत बांधले तर सूट मिळते.

मुलगा अमेरिकेत आहे, घर त्याच्या नावावर आहे.

त्याने भारतीय वकिलातीत किंवा नोटरी व अपोस्टिल (परदेशी कागदाचे तिथल्या शासनाचे प्रमाणीकरण) करून मुखत्यारपत्र पाठवावे. ते इथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरा. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत टीडीएसला ५० लाखांची मर्यादा नसते आणि दरही बराच जास्त असतो. कमी कपातीचे प्रमाणपत्र मुलाने रजिस्ट्रीच्या आधी घ्यावे.

घरावर कर्ज चालू आहे. विकता येईल?

येईल. बँकेकडून थकबाकीचे पत्र घ्या. खरेदीदाराचा पहिला चेक थेट त्या बँकेच्या कर्जखात्यात जावा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. खरेदीदाराने सेर्साईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) नोंदीतही बोजा तपासावा.

मूळ रजिस्ट्री हरवली आहे.

पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात नोटीस, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित प्रत. खरेदीदाराने मात्र ‘हरवली’ म्हणजे कुठे गहाण तर नाही, ही शंका मनात ठेवून सर्च करावा.

घरात भाडेकरू आहे.

नोंदणीकृत मुदतीचा करार असेल तर मुदत बघा. महाल किंवा इतवारीतला जुना भाडेकरू असेल तर तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने संरक्षित असू शकतो आणि मालक बदलल्याने उठत नाही. ‘नंतर काढून देतो’ या शब्दावर पैसे देऊ नका. रिकामा ताबा मिळाल्यावर शेवटचा हप्ता द्या.

रिंगरोडच्या बाहेर ‘फार्महाऊस प्लॉट’ स्वस्तात मिळतो आहे.

बहुतेक वेळा ती शेतजमीनच असते. विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर पन्नास जणांची सामायिक नावे असलेला तुकडा कुंपण घालून आपला होत नाही.

इसार घेऊन मालक फिरला.

लेखी नोटीस पाठवा आणि उरलेली रक्कम तयार होती याचा पुरावा, म्हणजे बँकेचे विवरण किंवा कर्जमंजुरीचे पत्र, जपून ठेवा. करारपूर्तीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत करावा लागतो. करारात ठरलेली तारीख असेल तर मुदत त्या तारखेपासून मोजतात.

रजिस्ट्री झाली. आता संपले का?

नाही. सूची क्रमांक २ ची प्रत घ्या. नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे फेरफार झाला का ते महिन्या-दोन महिन्यांनी तपासा. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. महापालिकेत करनोंद बदला, महावितरणचे वीजजोड आणि ओसीडब्ल्यूचे (ऑरेंज सिटी वॉटर) पाण्याचे बिल आपल्या नावावर करा. अपार्टमेंट असेल तर समितीला लेखी कळवा. मागच्या मालकाची थकबाकी रजिस्ट्रीच्या दिवसापर्यंत त्याचीच, पण ती वसूल करत फिरण्यापेक्षा शेवटचा चेक देण्याआधी सगळ्या पावत्या हातात घ्या.